हुकूम लिहिला गेला. पाळला गेला का?

काळा घोडा ते परळ : लष्कर आणि आरमाराच्या जुन्या हुकूमवह्या वाचायच्या कशा?

प्रतिनिधी, मुंबई

काळा घोडा परिसरात जहांगीर कलादालनासमोर उभे राहिले की रस्त्यापलीकडे डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या शेजारी एल्फिन्स्टन महाविद्यालयाची दगडी इमारत दिसते. महोत्सवाच्या दिवसांत तिच्यासमोर छायाचित्रे काढणाऱ्यांची झुंबड उडते. याच वास्तूत महाराष्ट्र राज्य पुराभिलेख संचालनालयाचे मुंबईतील दप्तर आहे, हे मात्र त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असते. १८२१ साली, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना स्थापन झालेल्या 'रेकॉर्ड ऑफिस'चे हे आजचे रूप होय. सुरतेच्या वखारीतील सतराव्या शतकातील पत्रव्यवहारापासून मुंबई सरकारच्या निरनिराळ्या खात्यांच्या कागदांपर्यंतचा पसारा येथे आहे. त्यांत लष्कर आणि आरमार या दोन खात्यांच्या जाडजूड, कातडी बांधणीच्या खंडांची रांग लागलेली आहे. कोणत्या पलटणीने कोठे कूच करावे, कोणत्या जहाजाने कोणत्या बंदराची नाकेबंदी करावी, कोणत्या शिपायाला बढती आणि कोणाला शिक्षा, हे सारे या कागदांत दिवसावार नोंदलेले सापडते.

इतिहासाच्या अभ्यासकांना हे खंड परिचित आहेत. सामान्य मुंबईकराचा त्यांच्याशी संबंध काय, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. संबंध आहे, आणि तो वाटतो त्याहून जवळचा आहे. गिरण्यांचे भोंगे सुरू होण्यापूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातील तरुणांना पोट भरण्याचा एक मोठा मार्ग म्हणजे मुंबई इलाख्याची पलटण होती. लालबाग-परळच्या चाळींत ज्या गावांतून माणसे आली, त्यांतील कित्येक गावांतून त्याआधीच्या पिढ्या लष्करात गेल्या होत्या. पणजोबा 'पलटणीत होते' एवढेच ज्या घरांत सांगितले जाते, त्या घरांच्या इतिहासाचा एक धागा या वह्यांत अडकलेला आहे.

वही कशी तयार होई

'ऑर्डर बुक' किंवा हुकूमवही हा शब्द ऐकताच डोळ्यांसमोर रणांगणावरील थरार उभा राहतो. प्रत्यक्षात या वह्यांतील बहुतेक मजकूर विलक्षण रुक्ष असतो. पलटणीत रोज ठरलेल्या वेळी ॲडज्युटंट हुकूम सांगे आणि प्रत्येक कंपनीचा नेमलेला माणूस ते उतरवून घेई. सर्वांत वर गव्हर्नरचा किंवा सरसेनापतीचा 'जनरल ऑर्डर', त्याखाली छावणीचा हुकूम, त्याखाली खुद्द पलटणीचा. उद्याच्या कवायतीची वेळ, दिवसाचा अधिकारी कोण, रात्रीच्या पहाऱ्यासाठी परवलीचा शब्द कोणता, रजा कोणाला, पगारवाटप केव्हा, शिधा किती, लष्करी न्यायालयाने कोणाला काय शिक्षा दिली, असा हा क्रम. लष्करी न्यायालयाच्या शिक्षा पलटणीसमोर वाचून दाखविल्या जात. वही केवळ नोंदीसाठी नव्हती; ती ऐकविण्यासाठीही होती. (इंग्रजी हुकूम हिंदुस्थानी शिपायांच्या तोंडी कसे रुजले याचा गमतीचा दाखला म्हणजे पहारेकऱ्याचे 'हुकुमदार'. 'हू कम्स देअर' या दरडावणीचे ते रूपांतर होय.)

जहाजावर पद्धत थोडी निराळी. तेथे एका बाजूला लॉगबुक असे. वारा, वेग, अंतर, हवामान आणि घडलेल्या घटना त्यात तासातासाने लिहिल्या जात. दुसऱ्या बाजूला कप्तानाची हुकूमवही. तिच्यात नित्याचे स्थायी हुकूम असत आणि वरिष्ठांकडून आलेल्या आदेशांच्या नकलाही असत. रात्री झोपण्यापूर्वी कप्तानाने रात्रपाळीच्या अधिकाऱ्यांसाठी सूचना लिहून ठेवायच्या आणि प्रत्येकाने त्या वाचून खाली सही करायची, ही 'नाइट ऑर्डर बुक'ची प्रथा तर आजही जहाजांवर पाळली जाते. तिसरे साधन म्हणजे हजेरीपट. कंपनीच्या 'बॉम्बे मरीन' या आरमाराच्या कागदांत इंग्रज अधिकाऱ्यांच्या जोडीने सारंग, तांडेल आणि खलाशी भेटतात. किनाऱ्यावरील कोळी-भंडारी-मुसलमान दर्यावर्द्यांची भाषा इंग्रजांच्या दप्तरात अशी थेट शिरली, आणि तिची विचित्र स्पेलिंगे लावता लावता आजचा वाचक घामाघूम होतो.

काळा घोड्याच्या दप्तरात शिरणाऱ्या नवख्याची पहिली फसगत 'डायरी' या शब्दाने होते. ही कोणाची खासगी रोजनिशी नव्हे. मुंबईच्या कौन्सिलच्या बैठकीत काय ठरले, कोणाची पत्रे आली, कोणाला काय आदेश गेले, यांच्या नकला तारीखवार एका खंडात उतरवल्या जात. त्या खंडाला डायरी म्हणत. तिच्या नकला लंडनलाही रवाना होत. म्हणून एकाच हुकुमाच्या दोन किंवा तीन प्रती जगाच्या दोन टोकांना सापडू शकतात. एक मुंबईत, दुसरी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, आणि नशीब असेल तर तिसरी ज्याला हुकूम मिळाला त्या कप्तानाच्या कागदांत.

या तीन प्रती जुळल्या, तरी त्यांतून कळते ते एवढेच की हुकूम दिला होता. तो पाळला गेला का, हा प्रश्न उरतोच. हुकूमवही हे इच्छेचे दप्तर आहे. घडलेल्या गोष्टीसाठी लॉगबुक, हजेरीपट, जखमींच्या याद्या, चौकशीचे अहवाल आणि शक्य असेल तेथे विरुद्ध पक्षाचे कागद शेजारी ठेवावे लागतात. असे केले की काय निघते, याचे मुंबईच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण पावणेतीनशे वर्षांपूर्वीचे आहे.

सुवर्णदुर्ग, १७५५

१७५५ च्या मार्चमध्ये मुंबईहून कमोडोर विल्यम जेम्स हा चव्वेचाळीस तोफांची 'प्रोटेक्टर' ही युद्धनौका आणि काही लहान जहाजे घेऊन दक्षिणेकडे निघाला. तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध पेशवे आणि कंपनी यांची युती झाली होती. पेशव्यांच्या वतीने रामाजी महादेव यांची फौज किनाऱ्यावरून लढणार होती, तर कंपनीचे आरमार समुद्राची बाजू सांभाळणार होते. मुंबईचा गव्हर्नर रिचर्ड बुर्शिए याच्या कौन्सिलने जेम्सला घालून दिलेली मर्यादा स्पष्ट होती. त्याने बंदराची कोंडी करावी, आंग्र्यांची गलबते निसटू देऊ नयेत. किल्ल्यांवर चालून जाऊन कंपनीची जहाजे धोक्यात घालू नयेत. व्यापारी कंपनी होती ती. जहाज बुडाले तर खर्चाच्या बाजूला आकडा वाढणार, हा हिशेब त्या हुकुमामागे होता.

जेम्सने हर्णैसमोर पोहोचून पाण्याची खोली मोजली. किल्ल्याच्या बऱ्याच जवळ जहाज नेता येईल असे त्याला दिसले. मग हाती असलेला हुकूम बाजूला ठेवून त्याने सुवर्णदुर्गावर तोफा डागल्या. किल्ल्यातील दारूकोठाराचा भडका उडाला आणि एप्रिलच्या आरंभी किल्ला पडला. मर्यादा ओलांडल्याबद्दल जेम्सला शिक्षा झाली नाही. उलट त्याचे नाव झाले. पुढे तो इंग्लंडमध्ये कंपनीच्या संचालक मंडळावर गेला. त्याच्या मृत्यूनंतर पत्नीने १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर एक बुरूज बांधला. त्याचे नाव 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. आपल्या हर्णैच्या सुवर्णदुर्गाचा हा साहेबी अपभ्रंश आजही लंडनच्या नकाशावर आहे. हुकूम मोडून विजय मिळाला तर तो पराक्रम ठरतो आणि पराभव झाला तर बेशिस्त. जेम्सची जहाजे बुडाली असती, तर हाच हुकूम त्याच्याविरुद्धचा पहिला पुरावा ठरला असता. दप्तरात तो तसाच पडून आहे.

पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, ॲडमिरल वॉटसनचे आरमार आणि रॉबर्ट क्लाइव्हची फौज विजयदुर्गावर गेली. या मोहिमेची गंमत अशी की मुंबई सोडण्यापूर्वीच लुटीची वाटणी कशी करायची यावर अधिकाऱ्यांची बैठक होऊन वादही झाला होता. विजयदुर्ग घेतल्यावर तो पेशव्यांच्या हवाली करायचा, असे ठरले होते. इंग्रजांनी किल्ला घेतला, आत मिळालेली संपत्ती आपसांत वाटली, आणि किल्ल्याचा ताबा महिनोन्महिने सोडला नाही. बाणकोट पदरात पाडून घेणारा तह झाल्यानंतर तो त्याच वर्षाच्या उत्तरार्धात सोडला. येथेही लिहिलेले आणि घडलेले यांत अंतर पडलेच.

मुंबई दप्तरातील 'सीक्रेट अँड पोलिटिकल' खात्याच्या डायऱ्यांची मालिका योगायोगाने १७५५ पासूनच सुरू होते. वि. गो. दिघे यांनी केलेली तिची वर्णनात्मक सूची १९५४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी एल्फिन्स्टन महाविद्यालयातील प्राध्यापक जॉर्ज फॉरेस्ट यांनी १८८० च्या दशकात मुंबई सचिवालयातील निवडक कागद छापले होते. पहिल्यांदा दप्तरात जाणाऱ्याने या दोन ग्रंथांतून जावे, म्हणजे धुळीत पाऊल टाकण्यापूर्वी वाट दिसते.

दुसरी बाजू मात्र मुंबईत पुरी सापडत नाही. तिच्यासाठी पुणे गाठावे लागते. तेथील पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे सुमारे ३९ हजार रुमाल आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड संपादिले. एकूण संग्रहाच्या मानाने ती ओंजळभरच. मराठी राज्यात इंग्रजी पद्धतीची बांधीव हुकूमवही नव्हती. आज्ञापत्रे, ताकीदपत्रे, रोजकीर्दीतील नोंदी, फौजेच्या हजिऱ्या आणि शिपायाच्या वर्णनाचा 'चेहरा' अशा सुट्या कागदांतून तोच व्यवहार चाले. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त तर आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि जहाजांसाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, अशी दक्षताही आहे. हे सारे मोडीत. मोडी वाचणाऱ्यांची संख्या रोडावल्याने पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षणवर्ग चालविते. वर्गातून बाहेर पडणाऱ्यांतील किती जण चिकाटीने आरमाराच्या कागदांपर्यंत पोहोचतात, हा वेगळा प्रश्न.

सोनापुरातील घर

गिरगावकरांना सोनापूर म्हणजे चंदनवाडीकडील स्मशानाचा परिसर म्हणून ठाऊक आहे. १८५७ च्या पावसाळ्यात याच भागातील गंगाप्रसाद नावाच्या गृहस्थाच्या घरी काही शिपाई रात्री जमत. मुंबईत तेव्हा देशी पायदळाच्या दहाव्या आणि अकराव्या पलटणी होत्या, शिवाय 'मरीन बटालियन' म्हणजे जहाजांवर पाठविण्यासाठी ठेवलेले शिपाई. गोरे सैन्य जेमतेम चारशे. पोलीस अधिकारी चार्ल्स फॉर्जेट याने घराच्या भिंतीला भोके पाडून बैठका ऐकल्या आणि मरीन बटालियनचा अधिकारी मेजर बॅरो यालाही तेथे नेऊन बसविले. भिंतीपलीकडे आपलेच शिपाई बोलत आहेत, हे बॅरोने स्वतःच्या कानांनी ऐकले. दिवाळीत उठावाचा बेत होता, असे फॉर्जेटने पुढे आपल्या पुस्तकात लिहिले.

१५ ऑक्टोबर १८५७ रोजी एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, मरीन बटालियनचा ड्रिल हवालदार सय्यद हुसेन आणि दहाव्या पलटणीचा शिपाई मंगल गडिया यांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. फौज त्यासाठी मैदानात उभी करण्यात आली होती.

या प्रसंगाची जी कागदपत्रे आहेत, त्यांतून हुद्दा, पलटण, आरोप आणि शिक्षा कळते. सय्यद हुसेन कोणत्या गावचा, मंगल गडियामागे घरी कोण होते, सोनापुरातल्या त्या बैठकांत त्यांनी नेमके काय योजले होते, याची बाजू त्यांच्या शब्दांत कोठेही नाही. जे आहे ते फॉर्जेटच्या भिंतीतील भोकातून ऐकलेले. फॉर्जेटच्या नावाचा रस्ता ताडदेवजवळ आहे. त्या दोघांची नावे गडियाच्या जागी 'गुड्रिया', 'गदिया' अशी निरनिराळ्या रूपांत छापली जातात. कारकुनाने जे कानाला ऐकू आले ते इंग्रजीत लिहिले आणि दीडशे वर्षे सर्वांनी ते उतरवून काढले.

भरतीचा हुकूम आणि परळची चाळ

लढाईच्या हुकुमापेक्षा कचेरीत बसून काढलेला एखादा भरतीचा हुकूम अधिक माणसांची आयुष्ये बदलतो. मुंबई इलाख्याच्या लष्करात महार शिपाई कंपनीच्या काळापासून मोठ्या संख्येने होते. 'लढवय्या जाती'चा सिद्धान्त लष्करी नेतृत्वात बळावला आणि १८९० च्या दशकाच्या आरंभी त्यांची भरती बंद झाली. कोणतेही युद्ध न हरता, कोणताही गुन्हा न करता, एका शासकीय निर्णयाने एका समाजाचा शिक्षणाचा, पेन्शनचा आणि प्रतिष्ठेचा मार्ग बुजला. पलटणीत शिपायांच्या मुलांना शाळा होती. गावात त्याच मुलांना शाळेच्या उंबऱ्याबाहेर बसावे लागे. म्हणून ही केवळ नोकरीची बाब नव्हती.

लष्करातून निवृत्त झालेले, महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये मुंबईच्या सरसेनापतीकडे देण्यासाठी अर्ज तयार केला. आपल्या समाजाने केलेल्या सेवेचा दाखला देऊन भरती पुन्हा खुली करावी, अशी ती मागणी होती. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा तशाच आशयाचा अर्ज केला. या अर्जांचा पाया कोणता? जुन्या मोहिमा, पलटणींतील हुद्दे, मिळालेली पदके, मेलेल्या आणि जखमी झालेल्यांची नावे. म्हणजेच सरकारने स्वतःच्या वह्यांत लिहून ठेवलेली सेवा सरकारलाच वाचून दाखविणे. पुराभिलेखाचा इतका थेट, इतका निकडीचा उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

याच पिढीतील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर कुटुंब घेऊन परळच्या चाळीत राहावयास आले. त्यांचा मुलगा पुढे पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळीत १९३४ पर्यंत राहिला आणि त्यानंतर दादरच्या 'राजगृह'मध्ये गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनात लष्करभरतीचा प्रश्न वारंवार का येतो, हे समजण्यासाठी वडिलांच्या पलटणीचा आणि त्या बंद झालेल्या दाराचा संदर्भ ठेवावा लागतो. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागताच १९१७ मध्ये १११ क्रमांकाची महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली, ती आजतागायत आहे.

एकच आवार, दोन शतके

आता पुन्हा समुद्राकडे. १७५५ च्या आदेशपत्रांच्या माथ्यावर 'बॉम्बे कॅसल' असे स्थळ असे. फोर्टातील हा जुना किल्ला म्हणजे कंपनीच्या मुंबईचे केंद्र. विसाव्या शतकात त्याच परिसरात 'कॅसल बॅरॅक्स' होते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या 'एचएमआयएस तलवार' या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रातील नाविकांनी काम थांबविले. निकृष्ट जेवण, वर्णभेद, वरिष्ठांची शिवीगाळ ही निमित्ते होती. हवेत आझाद हिंद सेनेचे खटले होते. नाविक संदेशवहनातले, त्यामुळे यंत्रणा त्यांच्याच हाती. ज्या तारायंत्रावरून हुकूम सुटायचे त्याच यंत्रावरून बंदराबंदरांत संपाची बातमी गेली. दोन-तीन दिवसांत ७८ जहाजे, २० किनारी केंद्रे आणि सुमारे २० हजार नाविक त्यात सामील झाले, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते.

२१ तारखेला कॅसल बॅरॅक्समध्ये लष्कर आणि नाविक यांच्यात गोळीबार झाला. प्रथम पहाऱ्यावर मराठा पलटणीचे जवान होते. नंतर तेथे ब्रिटिश सैनिक आणले गेले. आरमारप्रमुख व्हाइस ॲडमिरल गॉडफ्रे यांनी आकाशवाणीवरून बजावले की, सरकार आपले सारे बळ वापरील, मग त्यात हे आरमार नष्ट झाले तरी बेहत्तर. आपल्याच आरमाराच्या विनाशाची तयारी जाहीर करणारा असा आदेश आरमारांच्या इतिहासात विरळाच. दुसरीकडे नाविकांच्या मध्यवर्ती संप समितीनेही शिस्त पाळण्याच्या सूचना काढल्या होत्या. त्या चार दिवसांत मुंबई बंदरात हुकूम देणारी दोन केंद्रे होती. २३ फेब्रुवारीला, वल्लभभाई पटेलांनी शरण जाण्याचा सल्ला दिल्यावर, समितीने शरणागती पत्करली. आपण ब्रिटनला नव्हे, हिंदुस्थानला शरण जात आहोत, असे तिने शेवटी जाहीर केले.

पाटण्याचे मुख्य न्यायाधीश सर फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. त्याच्या अहवालात आणि साक्षींत जहाजांवर कोणत्या तासाला काय घडले याचा कितीतरी तपशील मिळतो. कोणता हुकूम कधी सुटला, तो कोणाला मिळाला, कोणी धुडकावला, हे तेथे ताडून पाहता येते. या कागदांपुढे साधी हुकूमवही फिकी पडते.

पण २२ फेब्रुवारीचे काय? त्या दिवशी नाविकांना पाठिंबा म्हणून कम्युनिस्ट पक्षाने हरताळ पुकारला. काँग्रेसच्या नेत्यांचा त्याला विरोध होता. गिरण्या बंद पडल्या, परळ, लालबाग, डिलाइल रोड येथे लोक रस्त्यावर आले आणि लष्कराच्या गाड्या फिरू लागल्या. परळला झालेल्या गोळीबारात परळ महिला संघाच्या कार्यकर्त्या कमल दोंदे ठार झाल्या. कुसुम रणदिवे यांच्या पायाला गोळी लागली. सरकारी आकडेवारीनुसार मुंबईत या दिवसांत २२८ नागरिक मृत्युमुखी पडले आणि १,०४६ जखमी झाले. जहाजावरील प्रत्येक हालचालीला वेळ आणि नाव आहे. रस्त्यावरील दोनशे अठ्ठावीस जण मात्र बहुतांशी एक आकडा होऊन राहिले.

त्यांची नावे हवी असतील तर लष्कराचे दप्तर सोडून इतरत्र फिरावे लागते. तेव्हाच्या वृत्तपत्रांच्या फायली, रुग्णालयांच्या नोंदवह्या, पोलिसांचे कागद, कामगार संघटनांची पत्रके. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी जुनी नियतकालिके चाळत बसावे लागते. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील माणसांच्या मुलाखती घेऊन २००४ मध्ये इंग्रजीत ग्रंथ सिद्ध केला आणि नंतर तो मराठीतही आला, तेव्हा या भागाच्या तोंडी आठवणी प्रथमच एवढ्या प्रमाणात कागदावर आल्या. लष्कराच्या लेखी जे 'जमाव' होते, त्यांच्या बाजूने लिहिलेली ही एक प्रकारे दुसरी वही.

कॅसल बॅरॅक्सच्या आवारात आज नौदलाचे 'आयएनएस आंग्रे' हे केंद्र आहे. १९५१ मध्ये त्याला हे नाव मिळाले. ज्या किल्ल्याच्या नावाने आंग्र्यांच्या नाशाचे हुकूम सुटले, त्याच्या दारावर आता आंग्र्यांचे नाव आहे.

काय उरले, काय गेले

सगळेच टिकलेले नाही. कंपनीचा कारभार संपल्यावर, १८६० च्या सुमारास, लंडनमध्ये तिचे शेकडो टन कागद रद्दीत काढले गेले; आरमाराच्या कागदांनाही त्याची झळ पोहोचली. मुंबईत शत्रू निराळे. समुद्राची दमट हवा, कसर, वाळवी, आणि खुद्द शाई. लोहयुक्त काळी शाई काळ लोटता कागद जाळते. अक्षरांच्या जागी अक्षरांच्या आकाराची भोके उरतात. अशा पानांना पातळ टिश्यू कागद चिकटवून वाचवावे लागते आणि हे काम हातानेच, एकेक पान करून होते.

संगणकीकरणाने काही दारे उघडली आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' २०१५ पासून उपलब्ध आहे. विचित्र वाटेल, पण बॉम्बे मरीनच्या इराणी आखातातील हालचालींचे कित्येक कागद ब्रिटिश लायब्ररी आणि कतार यांच्या संयुक्त प्रकल्पामुळे २०१४ पासून घरबसल्या वाचता येतात. मुंबईहून सुटलेला हुकूम मुंबईकराने दोह्याच्या सौजन्याने वाचावा, असा हा योग आहे.

स्वातंत्र्योत्तर काळातील कागदांची स्थिती अधिक नाजूक. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानुसार पंचवीस वर्षांहून जुने कागद तपासून अभिलेखागाराकडे सोपविणे अपेक्षित आहे. कारगिलनंतर सुब्रह्मण्यम समितीने आणि पुढे वोहरा समितीने युद्धाचे इतिहास मोकळे करण्याची शिफारस केली. संरक्षण मंत्रालयाने त्यासाठी धोरण मंजूर केले ते जून २०२१ मध्ये. सैन्याच्या 'वॉर डायऱ्या' आणि नौदलाची 'लेटर्स ऑफ प्रोसीडिंग्ज' यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. १९७१ मध्ये मुंबईहून कराचीवरील मोहिमांसाठी जहाजे गेली. त्यांच्या वह्या केव्हा आणि किती प्रमाणात खुल्या होतात, यावर या धोरणाची परीक्षा होईल.

राहिला प्रश्न घरातल्या पणजोबांचा. नुसत्या नावावरून त्यांना शोधणे जवळजवळ अशक्य असते. वह्यांत आडनावे क्वचित येतात; व्यक्तीचे आणि वडिलांचे नाव, तेही इंग्रज कारकुनाच्या कानाप्रमाणे. गाव, तालुका, जात, उंची, अंगावरील खुणा मिळतात त्या हुकूमवहीत नव्हे, तर भरतीच्या वेळच्या वर्णनपटात, आणि तो टिकला असेल तरच. हाती पलटणीचा क्रमांक असेल तर तो कोणत्या सालचा हे आधी ठरवावे लागते, कारण १८२४, १९०३ आणि १९२२ मध्ये क्रमांक बदलले. १७६८ मध्ये उभी राहिलेली 'जंगी पलटण' आधी तिसरी, मग एकशे तिसरी, पुढे पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली. ट्रंकेच्या तळाशी सापडलेल्या निवृत्तीच्या कागदावरील तारीख आणि क्रमांक प्रथम नीट उतरवून घ्यावा, तो या बदलांच्या तक्त्याशी ताडून पाहावा, आणि मगच काळा घोड्याला जाऊन मागणीपत्रावर खात्याचे नाव, साल व खंड लिहावा.